न संपणाऱ्या उपचारांचा हिशेब

माझ्या स्तनाचा कर्करोग आता हाडांमध्ये आणि यकृतात पसरलेला आहे. ही या आजाराची चौथी अवस्था. ती पूर्ण बरी होत नाही, मात्र औषधांनी आटोक्यात ठेवता येते आणि कोणाच्या बाबतीत काही महिने, तर कोणाच्या बाबतीत बरीच वर्षे तशी राहते. ‘आता उपचार कधी संपणार?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना मी सरळ सांगते, की उपचार जन्मभर चालणार आहेत. हे ऐकणे माणसांना जड जाते याची मला जाणीव आहे. पण आपल्या आरोग्ययोजना, अनुदानाच्या अटी, कर्करोगाची आकडेवारी आणि जनजागृतीचे फलक यांनीही ही गोष्ट अजून स्वीकारलेली नाही, आणि त्याची किंमत सोलापुरातल्या ज्या बायका मोजतात त्यांच्याबद्दल मला लिहायचे आहे.

स्तनाच्या कर्करोगाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक सगळे लवकर निदानाविषयी असते. ते आवश्यकच आहे. टाटा स्मारक केंद्राने मुंबईतील वस्त्यांमध्ये वीस वर्षे चालवलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीचे यंत्र ज्या तालुक्यात नाही तिथेही हे करता येते, त्यामुळे असे काम वाढायलाच हवे. तरीही, वेळेवर निदान आणि पूर्ण उपचार होऊनसुद्धा काही जणींचा आजार अनेक वर्षांनी परततो, आणि काहींना तर पहिल्याच तपासणीत तो हाडापर्यंत पोहोचल्याचे कळते. ‘लवकर आलात तर बऱ्या व्हाल’ या वाक्यात या दोघींसाठी काहीच नसते. उलट, आपलेच काहीतरी चुकले अशी टोचणी मात्र त्यांना लागून राहते.

आकडेवारीतही आमची तीच गत आहे. २०२२ साली भारतात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रियांचा मृत्यू झाला, असा जागतिक अंदाज आहे. नवे रुग्ण मोजले जातात, मृत्यू मोजले जातात. पण या दोन टोकांच्या मध्ये पसरलेल्या आजारासह जगणाऱ्या बायका किती आहेत याची नोंद कर्करोग नोंदणीत सहसा होत नाही, कारण नोंद पहिल्या निदानाच्या वेळी होते आणि आजार परतल्यावर पुन्हा होत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगावी जाऊन, लोकांशी बोलून माहिती गोळा करण्याची पद्धत तिथल्या कार्यकर्त्यांनी उभी केली. ज्या जिल्ह्याने ते करून दाखवले, त्याच जिल्ह्यात आजार परतलेल्या स्त्रियांची मोजणी सुरू व्हावी असे मला मनापासून वाटते. किती जणींना दरमहा औषध लागणार आहे हेच ठाऊक नसेल, तर औषधासाठी तरतूद तरी कशाच्या आधारावर होणार?

मी अनुदानित शाळेत गणित शिकवते. मला पगारी रजा मिळते, बिलांची वैद्यकीय प्रतिपूर्ती उशिरा का होईना पण मिळते, आणि पुण्याला जायचे झाले तर सोबतीला मुलगा येऊ शकतो. केमोच्या कक्षात माझ्या शेजारच्या खुर्चीवर अनेकदा ज्या अक्का असतात त्या विडी कामगार आहेत. त्या मला ‘बाई’ म्हणतात, मी त्यांना ‘अक्का’. आम्हा दोघींच्या गाठीचा प्रकार एकच: हार्मोनला प्रतिसाद देणारी, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन वाढलेले नसलेली). आजारही दोघींचा हाडांत आहे. आमच्या उपचारांत जो फरक पडला तो आमच्या रिपोर्टमुळे पडलेला नाही.

मला हार्मोनच्या गोळीसोबत रायबोसिक्लिब नावाची दुसरी गोळी मिळते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, पाळी थांबलेल्या आणि असाच आजार असलेल्या स्त्रियांना केवळ लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी दिली तेव्हा आयुर्मानाचा मध्य (निम्म्या जणी ज्याहून अधिक जगल्या तो काळ) ५१.४ महिने होता, आणि सोबत रायबोसिक्लिब दिले तेव्हा तो ६३.९ महिने झाला. म्हणजे साधारण एक वर्ष. त्या एका वर्षात मुलीचे लग्न होऊ शकते, नातवंड चालू लागते, दहावीचा निकाल लागतो. अक्कांना पहिल्यापासून फक्त लेट्रोझोलच मिळाले. दुसऱ्या गोळीचा उल्लेख त्यांच्यासमोर झालाच नाही, कारण ती परवडणार नाही हे समोरच्याने आधीच गृहीत धरलेले होते. न परवडणारे औषधही रुग्णाला सांगितले गेले पाहिजे असे माझे ठाम मत आहे, कारण जे माहीतच नाही ते कोणी मागू शकत नाही.

याच रायबोसिक्लिबसाठी स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका महिलेने केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली होती. औषधाचा खर्च दरमहा ५० हजार रुपयांहून अधिक होता आणि सरकारने सक्तीचा परवाना (पेटंट असूनही इतरांना औषध बनवू देणारा) वापरून ते भारतीय कंपन्यांना बनवू द्यावे, अशी तिची मागणी होती. निकालाची वाट पाहतानाच २०२२ मध्ये तिचे निधन झाले. न्यायालयाने मात्र विषय सार्वजनिक महत्त्वाचा मानून प्रकरण पुढे चालू ठेवले. असा परवाना भारताने आजवर एकदाच, २०१२ मध्ये सोराफेनिब या औषधासाठी, दिलेला आहे. औषध स्वस्त होणे अशक्य नसते, हे पाल्बोसिक्लिबने दाखवून दिले. रायबोसिक्लिबच्याच गटातल्या या गोळीचे पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले, भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या आणि किंमत झपाट्याने खाली आली. आता प्रश्न योजनेच्या यादीचा उरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि विमा संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, हे फार मोठे पाऊल आहे आणि त्याने कित्येक घरे वाचली आहेत. परंतु अशा योजनांची पॅकेजे मुळात शस्त्रक्रिया, केमोची ठरावीक आवर्तने, शेक (रेडिएशन) अशा सुरुवात आणि शेवट असलेल्या उपचारांवर बेतलेली असतात. वर्षानुवर्षे रोज घरी घ्यायची गोळी, दर काही महिन्यांनी करायचे स्कॅन, हाडांसाठीचे झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन आणि या सगळ्यासाठीचा प्रवास त्यांत नीट बसत नाही.

अक्कांचा आजार वाढल्यावर त्यांना कॅपेसिटाबिन हे केमोचे गोळीतले औषध सुरू झाले. हे औषध चांगले आहे, तुलनेने स्वस्त आहे आणि घरी घेता येते, म्हणून ते गरीब रुग्णांना सोयीचे मानले जाते. पण त्याचा एक ठळक दुष्परिणाम तळहात आणि तळपायांवर होतो. कातडी लाल होते, दुखते, सोलते. विडी वळणाऱ्या बाईची सगळी मजुरी तिच्या बोटांच्या टोकांवर अवलंबून असते. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा, आणि पैसे मिळणार ते हजार विड्यांमागे. त्यात काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका वेगळाच. बोटे सोलली की मजुरी बुडते, मजुरी वाचवायची तर गोळी बंद करावी लागते, आणि बाई डॉक्टरांना न सांगताच गोळी बंद करते. मात्रा कमी करता येते, सुरुवातीपासून युरियाचे मलम लावता येते, गोळ्यांच्या मध्ये विश्रांती देता येते. परंतु त्यासाठी ‘तुम्ही काय काम करता?’ हा प्रश्न केसपेपरवर असायला हवा. माझ्या केसपेपरवर तो कोणीही विचारलेला नाही आणि अक्कांच्याही नाही.

याच औषधाने बोटांचे ठसे पुसट होऊ शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटला नाही की धान्य अडते, आणि आरोग्ययोजनेच्या कार्डाच्या पडताळणीतही तीच अडचण येते. आधारमध्ये डोळ्यांवरून आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. कॅपेसिटाबिन लिहून देतानाच ही माहिती चिठ्ठीवर लिहून देणे रुग्णालयाला आणि आरोग्यमित्रांना (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसांना) अवघड नाही.

पैशांच्या मदतीचे म्हणाल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचे रुग्ण बसतात आणि २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात. अट अशी, की दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव हवे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. महिन्याला १७५० रुपये. यंत्रमागावर एक माणूस जरी कामाला असला तरी ते कुटुंब या मर्यादेबाहेर जाते. मी गणिताची शिक्षिका आहे, आणि ही मर्यादा कोणत्या घराला डोळ्यांपुढे ठेवून टिकवली आहे हे मला खरोखर कळत नाही.

समन्यायाचा अर्थ प्रत्येकीला महागातले महाग औषध असा मी करत नाही. पुष्कळदा कमी उपचार हाच योग्य उपचार असतो, आणि तोही गरिबांपर्यंत पोहोचत नाही. हाडातल्या दुखण्यासाठी ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचे एकक) एकच शेक दिला तरी तो दहा दिवस दिलेल्या शेकाइतकाच दुखणे कमी करतो, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. फरक एवढाच, की काहींना पुढे तो पुन्हा द्यावा लागतो. सांगोला किंवा मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्या बाईसाठी एक दिवस आणि दोन आठवडे यांत केवढे अंतर आहे! सुरुवातीलाच चौथ्या अवस्थेत निदान झालेल्यांमध्ये स्तनातली मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे टाटा रुग्णालयाच्याच २०१५ मधील अभ्यासाने दाखवले. अशी शस्त्रक्रिया सुचवली गेली तर ‘याने माझे आयुष्य वाढेल की फक्त त्रास कमी होईल?’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

वेदनेबद्दल मला सर्वांत जास्त तळमळीने लिहावेसे वाटते. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी तिचे परवाने सोपे करण्यात आले. तरीही जिल्ह्याच्या गावापासून दूर गेले की ती मिळणे कठीण होते, आणि ‘त्याची सवय लागेल’ या भीतीने घरातली माणसेही नको म्हणतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन सुरक्षित असते. ते अखेरच्या आठवड्यांसाठी राखून ठेवण्याचेही कारण नाही. रात्रभर झोप लागली तर मी सकाळी वर्गात उभी राहू शकते.

आणि भाषा. सोलापुरात एका कक्षात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा ऐकू येतात, पण संमतीपत्र इंग्रजीत किंवा फार तर मराठीत असते. अक्का बाजारापुरती मराठी छान बोलतात. यकृतात आजार उतरल्याचे मराठीत सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि नंतर मला विचारले, की ‘बाई, म्हणजे आता ऑपरेशन कधी?’ ते समजावून सांगण्याचे काम एका रुग्णाने दुसऱ्या रुग्णासाठी करावे लागू नये.

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. आपल्याकडे असे केंद्र उभे राहील तेव्हा तिथे केवळ केमोच्या खुर्च्या नकोत. दरमहा लागणाऱ्या गोळ्या तिथेच मिळाव्यात, मॉर्फिनचा साठा असावा, झोलेड्रॉनिक ॲसिडसाठी मोठ्या शहरात जावे लागू नये, तेलुगू आणि कन्नड बोलणारी समुपदेशक असावी, आणि आजार परतलेल्या प्रत्येक बाईची नोंद व्हावी. या मुद्द्यांचे निवेदन आम्ही काही जणी लिहीत आहोत. त्यात केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असावा, हा मुद्दा अक्कांच्या सांगण्यावरून पहिला घेतला आहे.