वीतभर सरकलेली मॅट

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाही. रायफल पुसून झाली, नळीतून शेवटची चिंधी पांढरी निघाली, पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) दोनदा मोजल्या. 22 झाडल्या (20 मॅचच्या, 2 सुरुवातीच्या चाचणीच्या), 21 सापडल्या. सगळं जागच्या जागी गेलं, तरी डोक्यात एकच फिरतंय. आजच्या नेमबाजीच्या मॅचमध्ये मी पाच नंबरवर, आणि माझ्या उजवीकडच्या सहा नंबरच्या काकांनी मॅट सरकवली.

बस, एवढंच. बोलले काही नाहीत. रागाने बघितलंही नाही. माझी तेरावी गोळी गेली, पुंगळी त्यांच्या कोपराशी टणकन आपटली, तेव्हा ते जरासे उठले, मॅटची कड धरली, उजवीकडे वीतभर ओढली आणि परत झोपून गाल दस्त्याला टेकवला. मी स्कोपमधून डोळा काढायला नको होता. काढला.

ज्याने कधी पट्टा दंडाला आवळून पालथं पडून नेम धरला नसेल त्याला वाटेल, वीतभर सरकले, त्यात काय एवढं. पण त्या पोझिशनमध्ये शरीर आपोआप जिकडे रोखलं जातं ती रेघ सापडायला दहा-दहा मिनिटं जातात. डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे, नेम कुठे आहे बघायचं, कंबर बोटभर हलवायची, पुन्हा डोळे मिटायचे. एकदा जमलं की माणूस खोकायलाही घाबरतो. ते सगळं काकांनी मध्येच मोडलं. माझ्यामुळे. 20 मिनिटांत 20 गोळ्या, त्यातली दोन-तीन मिनिटं त्यांची नव्याने बस्तान बसवण्यात गेली असणार. पुढची त्यांची गोळी मधल्या दहाऐवजी नऊवर लागलेली मी पाहिली. बघायची काही गरज नव्हती, पण पाहिली.

आणि माझी चौदावी आठवर गेली. सात वाजताच्या दिशेला, खाली डावीकडे, मध्यापासून वीतभराहून थोडी जास्तच. गंमत बघा, मॅटही वीतभर आणि गोळीही वीतभर.

मी कार्डावर सही करताना स्वतःशी म्हटलं, वारा. वाऱ्यावर ढकलणं फार सोपं असतं. आमची 80 ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम 5 ग्रॅम वजन, तिला 600 यार्ड जायला सेकंदाच्या आसपास लागतो. ताशी 10 मैलांचा आडवा वारा तेवढ्यात तिला अडीच-तीन फूट बाजूला नेतो. तेव्हा वाऱ्याचं नाव घेतलं की कुणी उलट विचारत नाही. पण वारा दाखवणारे झेंडे तेराव्याला होते तसेच चौदाव्यालाही होते. स्कोपमधून दिसणारं मृगजळही त्याच बाजूला, त्याच चालीने वाहत होतं. आणि वारा गोळीला आडवी नेतो, इतकी खाली नेत नाही. उजव्या हाताच्या माणसाची गोळी सात वाजता का जाते ते पहिल्या महिन्यातच शिकवतात. ट्रिगर दाबला नाही, हिसकला. मी अख्ख्या हाताने पिळला तो.

म्हणजे काकांनी मॅट सरकवली म्हणून माझा आठ. नाही. माझी पुंगळी त्यांना लागली म्हणून त्यांनी मॅट सरकवली म्हणून मी बघितलं म्हणून माझा आठ. असं धरलं तर शेवट माझ्यापाशीच येतो. धरू नये असं.

ओळीत जेवढे होतो त्यात सेमी-ऑटोमॅटिकवाली मी एकटी. बाकी सगळे बोल्टवाले. ते बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) हाताने वर उचलतात, सावकाश मागे घेतात, पुंगळी दोन बोटांत धरतात आणि डबीत तिच्या खाचेत ठेवतात. देवघर आवरल्यासारखं. त्यांच्या पुंगळ्या जमिनीला शिवतसुद्धा नाहीत. माझी रायफल काय करते? गोळी नळीतल्या बारीक भोकाच्या पुढे गेली की दारूच्या वायूचा थोडा वाटा तिथून मागे येतो, बोल्टला ढकलतो, बोल्ट पुंगळीची कड नखात धरून तिला बाहेर खेचतो आणि उजवीकडे भिरकावतो. चटका बसेल इतकी तापलेली असते ती. कुणाच्या कॉलरमध्ये गेली तर माणूस पालथ्याचा उलथा होतो.

यातली खरी थट्टा मात्र वेगळीच आहे आणि ती मला आज रात्री, चिंधी ओढता ओढता सुचली. 600 वर मी मॅगझिन वापरतच नाही. 80 ग्रेनची गोळी लांब असते, ती बसवलेलं काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. म्हणून मॅगझिनच्या जागी एक पोकळ ठोकळा लावते आणि त्यावर एकेक काडतूस हाताने ठेवते. बटण दाबते, बोल्ट पुढे जातो. इतक्या जोरात जातो की सैल फायरिंग पिन प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर, टेकून बारीकसा ठिपका पाडते, तो बघून पहिल्यांदा माझ्या पोटात गोळाच आला होता. म्हणजे काडतूस मीच भरायचं, नेम मीच धरायचा, ट्रिगर मीच दाबायचा. जिच्या नावातच अर्धं स्वयंचलित आहे त्या रायफलीने स्वतःहून करायचं उरतं काय, तर शेजाऱ्याला पुंगळी फेकून मारायची. तेवढं ती अगदी न चुकता करते.

हे ह्याला सांगितलं तर हा हसत सुटला. मला तेव्हा हसू आलं नाही.

मग अशी रायफल घेऊन तिथे जायचंच कशाला? हे कुणी मला विचारलेलं नाही. मीच विचारतेय, काकांच्या आवाजात. ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांच्या तोंडी मी आज दिवसभर किती वाक्यं घातली असतील देव जाणे. ‘हे खेळणं इकडे कशाला आणलंस.’ ‘दोनशे यार्डांवर जा, तिकडे 60 सेकंदांत 10 उडव.’ बाई म्हणून काही... नाही, ते नको आज.

उत्तरंही मीच देतेय. म्हणे इतिहास आमच्या बाजूने आहे. गॅरंड ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल अमेरिकी सैन्याने 1936 साली घेतली, आणि पुढे ओहायोतल्या कँप पेरीच्या नेमबाजी स्पर्धांना लोक तसल्या रायफली घेऊन 600 यार्डांवर झोपायला लागले. 1990च्या दशकात एआरने, म्हणजे माझ्या जातीच्या रायफलीने, तिथे जुन्या एम-14 रायफलीला हटवलं, तेव्हा जुन्या लोकांनी तिच्या छोट्या गोळीला नाकं मुरडली होती. 2016पासून तर तिथे त्या सर्व्हिस रायफलीवर, म्हणजे सैन्याच्या धर्तीच्या रायफलीवर, साडेचारपट स्कोपही चालतो. सगळं खरं आहे. पण ज्याच्या कोपराला चटका बसला त्याला 1936 सांगून काय उपयोग.

आणि खरं सांगायचं तर बोल्टवाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. माझ्या रायफलीत घोडा (हॅमर) अर्धवर्तुळात फिरून मग पिनेवर आदळतो. बोल्टवाल्यांची पिन स्प्रिंगने सरळ पुढे जाते. ट्रिगर सुटणं आणि गोळी सुटणं यांत माझ्याकडे जरा जास्त वेळ जातो. डोळ्याला कळत नाही इतकाच, पण त्यात माणसाचा सगळा चोरटेपणा बाहेर पडतो. खांदा आधीच सैल केला, डोकं आधीच उचललं, लागलं किती हे बघायची घाई केली, की गोळी चुगली करते. सर म्हणतात, गोळी गेल्यावर रायफल काय धिंगाणा घालते तिकडे बघू नकोस, तू गप्प पडून राहा. वर बोल्ट मागे जातो, पुढे येतो, धातूवर धातू, आणि आपण खाली मेल्यासारखं निपचित पडायचं. मला आवडतं ते. मला त्यासाठीच ती रायफल आवडते, पण हे कुणाला सांगायला गेलं तर बावळटासारखं वाटतं.

1000 यार्डांचं नाव काढलं तर मात्र मी गप्प बसते. तिथे पोचेपर्यंत माझी गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपास येऊन धापा टाकत असते. तो विषय वेगळा.

ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही.

मॅच संपली, चेंबरमध्ये, जिथे काडतूस बसतं तिथे, रायफल रिकामी असल्याचा फ्लॅग घातला, कार्डावर सही करून परत आले (200 पैकी 188, आठ एकच). तर माझ्या पेटीच्या झाकणावर तीन पुंगळ्या उभ्या होत्या. माझ्या. तोंड वर, एका ओळीत, सारख्या अंतरावर. माझ्या रायफलीतून बाहेर पडताना तोंडाला जो पोचा येतो तो तिघींचाही बाहेरच्या बाजूला, माझ्याकडे वळवलेला. त्यांच्या मॅटवर पडलेल्या असणार. त्यांनी उचलल्या, गवताचं पातं झटकलं असेल, आणि आणून मांडल्या. तिथे ते नव्हते, पाणी प्यायला गेले होते की काय.

आता याचा अर्थ काय लावायचा?

पुंगळी पुन्हा भरणाऱ्याला एकेक पुंगळी मोलाची असते हे त्यांना माहीत आहे, म्हणून सांभाळून परत केल्या. हा एक अर्थ. बघ, एवढ्या माझ्या अंगावर आल्या, मोज. हा दुसरा. तो पोचा माझ्याकडे वळवून ठेवला तो मुद्दाम की सहज? सहज कोण एवढं नीट ठेवतं? पण त्यांच्या डबीतल्या पुंगळ्याही तशाच असतात, नीट, तोंड वर. त्यांना दुसऱ्या तऱ्हेने ठेवताच येत नसेल.

मग आमची पाळी टारगेटांखालच्या खंदकात. टारगेट ओढायचं, भोक बुजवायचं, खूण लावायची, वर ढकलायचं. पाच आणि सहा शेजारी शेजारी, म्हणजे मी आणि ते. अर्धा तास हाताच्या अंतरावर उभे होतो. डोक्यावरून गोळ्या कडाड्कन फुटल्यासारख्या जात होत्या आणि प्रत्येक दोन गोळ्यांच्या मध्ये मी मनात वाक्य जुळवत होते. ‘काका, सॉरी हं.’ ‘काका, लागलं का फार?’ ‘काका, पुंगळ्यांबद्दल थँक्यू.’ दरवेळी वाक्य ओठाशी आलं की नेमकी पाच नंबरवर गोळी यायची आणि टारगेट खाली ओढावं लागायचं. निदान माझी सबब ती. एकदा तेच वळले. म्हटलं, आलं. ते म्हणाले, “चिकटपट्ट्या संपल्या का तुझ्या? घे.” आणि अर्धं भेंडोळं माझ्या हातात ठेवलं. त्यांच्या कोपरावर, जाकिटाच्या जाड चामड्याखाली, काही दिसणं शक्यच नव्हतं. तरी मी शोधत होते.

मी “हो” म्हटलं. थँक्यूसुद्धा नाही. हो!

एवढी मोठी बाई मी. ऑफिसात तीस माणसांसमोर फडाफडा बोलते.

संध्याकाळी ताईला फोन केला तर ती म्हणाली, अगं त्यांना आठवतही नसेल. हे सगळ्यात वाईट. म्हणजे मी जागी, आणि ते घोरतायत.

असो. आता जरा बरं वाटतंय, किंवा कंटाळा आलाय, दोन्ही सारखंच. मघाशी उठून कपडे धुवायची जुनी जाळीची पिशवी फाडली, तारेची चौकट वाकवली आणि शिवून टाकली. ती रायफलीच्या खिडकीशेजारी, जिथून पुंगळी बाहेर पडते तिथे, पट्ट्याने बांधायची, पुंगळी जाळीत. सगळे बाजारात तयार मिळणारी आणतात, पण ती येईपर्यंत मला चैन पडणार नाही. सुई दोनदा बोटात गेली. मग चेंबरमध्ये रिकामी पुंगळी ठेवून बोल्ट हाताने मागे ओढून बघितला. पहिली झक्कास आत गेली. दुसरीही. तिसरी जाळीवर आपटून उलटी खिडकीत आली आणि बोल्टखाली आडवी अडकली, ती काढायला पेचकस लागला.

म्हणजे आता काकांना त्रास नाही, मला आहे. चौकट दोन बोटं लांब धरायला हवी. किंवा ओळीतला शेवटचा, उजव्या टोकाचा नंबर मागून घ्यावा, तिकडे नुसता बांध आहे, त्याला पुंगळ्या लागल्या तरी तो मॅट ओढत नाही. पण नंबर चिठ्ठ्यांवर असतात आणि माझं चिठ्ठ्यांचं नशीब माहीत आहे. पुढल्या महिन्यातही पाच मला आणि सहा त्यांना.

तेव्हा बोलायचं. आधीच, मॅट अंथरतानाच. ‘काका, माझी रायफल फेकते हं जरा.’ बघू.

अठरा पुंगळ्या धुवायला टाकल्यात. त्या तीन तेवढ्या अजून खिडकीत उभ्या आहेत, जशा मांडल्या होत्या तशाच, फक्त पोचा भिंतीकडे केलाय.