पोर मिशनवरून येतेय? पिवळी पुस्तिका आधी उघडून बघा

आमची मोठी मुलगी नर्स आहे. युगांडातल्या एका खेड्यात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दवाखान्यात काही महिने सेवा करून ती या वर्षी नंदुरबारला परत आली. व्हिसा, तिकीट, पैसे पाठवणं यात काही अडलं नाही, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. अडलं ते एका शिक्क्यापाशी. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ज्यांची मुलं सेवेला आफ्रिकेत जाणार आहेत, त्या आईवडिलांनी एवढं तरी वाचावं.

युगांडात पीतज्वर आहे, ज्याला सगळे यलो फीव्हर म्हणतात. आपल्या देशात तो नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, तोच डेंग्यूचा डास. रोग एकदा आत आला तर आवरायचा नाही, म्हणून तिकडून येणाऱ्या प्रत्येकाची लसीची पिवळी पुस्तिका विमानतळावर तपासतात. ती वैध नसेल तर माणसाला वेगळं ठेवतात, जास्तीत जास्त सहा दिवस. नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिचे पप्पा आणि मामा हार घेऊन विमानतळावर उभे होते. इकडे मी कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून आणलेलं. पहाटे तिचा फोन आला, "मम्मी, मला बाहेर सोडत नाहीयेत. पुस्तिकेवर शिक्का नाही म्हणे."

तिनं फोटो पाठवला. नाव, पासपोर्ट नंबर, लसीची तारीख, बॅच नंबर, डॉक्टरची सही, सगळं जागच्या जागी. फक्त केंद्राच्या शिक्क्याचा चौकोन कोरा. त्या पुस्तिकेवरच इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये छापलेलं असतं की कुठलाही भाग अपुरा राहिला किंवा खाडाखोड झाली तर प्रमाणपत्र बाद ठरू शकतं. जाताना कुणीच हटकलं नाही. अडवलं ते घरी येताना.

मग सुरू झाला त्या लसीकरण केंद्राशी झगडा. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. आम्ही त्यासाठी मोठ्या शहरात गेलो होतो. केंद्राचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. एकदाचा उचलला, तर "रजिस्टर मॅडमकडे आहे, त्या आल्यावर बघू." मॅडम आल्या, तर "अर्ज लेखी द्या." तिच्या पप्पांनी स्वतः जाऊन अर्ज दिला, तर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "पेशंटला घेऊन या, समोर असल्याशिवाय शिक्का मारता येत नाही."

पेशंट कुठे आहे हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तुमचा शिक्का नाही म्हणून तिला आत ठेवलंय, आणि तुम्ही तिलाच बाहेरून आणायला सांगता? त्यांनी ते तिथंच मोठ्यानं विचारलं. मी तिथं असते तर आणखी मोठ्यानं विचारलं असतं. शेवटी रजिस्टर उघडलं गेलं. तिचं नाव, पासपोर्ट नंबर, बॅच, सगळं त्यात स्वच्छ लिहिलेलं. लस दिल्याचं पत्र द्यायला मात्र साहेबांची सही हवी, आणि साहेब मीटिंगला. पत्र हातात पडेपर्यंत तिची मुदत संपत आली होती. ती पूर्ण होऊनच ती बाहेर आली.

मुदतीवरून आठवलं. ती इथं उतरल्यापासून मोजत नाहीत, तिकडच्या शेवटच्या संपर्कापासून मोजतात. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं आणि जिवाला जरा बरं वाटलं. आतल्या लोकांनी तिला नीट ठेवलं. मच्छरदाणी होती, ताप वेळेवर बघायचे, बोलणं गोड होतं. रोज रात्री आम्ही फोनवर एकत्र प्रार्थना करायचो.

इकडे गल्लीत वेगळंच सुरू झालं. पलीकडच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "पोर बीमार शे का?" स्टेशनवर तिला घ्यायला जायचं मंडळीच्या तरुणांनी ठरवलं होतं, त्यातले दोघेतिघे बिचकले. मी रविवारी उपासनेनंतर उभी राहून सांगितलं की ती आजारी नाही, लस घेतलेली आहे, कागद अपुरा आहे म्हणून थांबवलंय. पाळकसाहेबांनी तिथंच तिच्यासाठी प्रार्थना केली, मग कुजबुज थांबली. असं झालं तर लपवू नका, सगळ्यांसमोर बोला.

लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. 2016 पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. खिडकी सोडण्याआधी पुस्तिका उघडा आणि सही, शिक्का, पासपोर्ट नंबर बोट ठेवून तपासा. फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्येही ठेवा.

 आणि आल्यावर ताप आला तर साधा ताप समजू नका. मलेरिया काही आठवड्यांनीही निघतो. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मुलगी आफ्रिकेतून आली आहे, रक्त तपासा.

सुरतमार्गे गाडीनं ती आली. नवापूर स्टेशनवर, जिथं अर्धा फलाट गुजरातचा आणि अर्धा महाराष्ट्राचा, तिथून तिनं फोन केला, "मम्मी, ठेचा जास्त कर." तिकडे मक्याच्या पिठाचा पोशो खाऊन तिची जीभ मिळमिळीत झाली होती. पहिले काही दिवस ती फार बोलली नाही. मी विचारलं नाही, येणाऱ्यांनाही विचारू दिलं नाही. मंडळीला तिची साक्ष, म्हणजे सेवेतला अनुभव, लगेच ऐकायची होती. मी पाळकसाहेबांना म्हटलं, तिला आधी झोपू द्या. तिसऱ्या रविवारी ती स्वतःहून उभी राहिली आणि त्या दवाखान्यात जन्मलेल्या जुळ्यांबद्दल बोलली. पुढच्या बाकावर बसून ऐकताना मला तिचा फार अभिमान वाटला.

तिला परत जायचंय. म्हणून नंतर आम्ही दोघी त्या केंद्रात गेलो आणि शिक्का मारून घेतला. दोन मिनिटं लागली.