गॅल्व्हेस्टनची कोरलेली झाडं

टेक्ससमधल्या ह्यूस्टनहून आय-45 महामार्गानं साधारण 80 किलोमीटर दक्षिणेला आलं की रस्ता पूल ओलांडून गॅल्व्हेस्टन बेटावर उतरतो आणि त्याचाच पुढे ब्रॉडवे होतो. बहुतेक गाड्या इथून उजवीकडे समुद्राच्या भिंतीकडे वळतात. कोरलेली झाडं, म्हणजे आइक चक्रीवादळात मेलेल्या ओकच्या बुंध्यांतून घडवलेली शिल्पं, बघायची असतील तर आधी डावीकडे, खाडीच्या बाजूला वळा. या बेटाला 2008 साली बुडवणारं पाणी तिकडूनच आलं होतं.

स्ट्रँड या जुन्या बाजाररस्त्यावर गाडी लावून भिंतींकडे बघत चालायला लागलं की पाण्याच्या पातळीच्या छोट्या पाट्या दिसतात: आइक वादळ, 13 सप्टेंबर 2008. काही पाट्या उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. भिंत असूनही हे कसं झालं, हे समजून घेतल्याशिवाय पुढची झाडं कळत नाहीत. 1900 सालच्या 8 सप्टेंबरच्या वादळात इथे निदान सहा हजार माणसं गेली. त्यानंतर समुद्राच्या अंगाला 17 फूट उंच भिंत बांधली आणि तिच्यामागची जमीनच वर उचलली. दोन हजारांहून जास्त इमारती हातानं फिरवायच्या स्क्रू-जॅकवर चढवून त्यांच्याखाली समुद्रतळाची उपसलेली रेती पंपानं भरली. सेंट पॅट्रिक चर्च तर तीन हजार टनांचं. तेही सातशे जॅक लावून पाच फूट वर घेतलं. या भरावाला भिंतीपासून खाडीकडे उतार ठेवला, म्हणजे पावसाचं आणि लाटांचं पाणी तिकडे वाहून जाईल. समुद्रासाठी हा हिशेब बरोबर होता. आइकच्या वेळी मात्र वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीपासूनच मेक्सिकोच्या आखाताचं पाणी खाडीत भरत होतं, आणि मग ते सखल बाजूनं, मागच्या दारानं शहरात शिरलं.

भरावाची रेती खारी असल्यामुळे 1900 नंतर बेटावर जवळपास झाडच उरलं नव्हतं. चांगली माती बाहेरून आणून, घरोघर रोपं पोचवून इथल्या बायकांच्या एका संस्थेनं शहर पुन्हा हिरवं केलं. ब्रॉडवेवरचे आणि ईस्ट एंडच्या गल्ल्यांतले लाइव्ह ओक (सदाहरित जातीचे ओक) त्या पिढीचे. आइकनं त्यांतले बहुतेक नेले. बेटावरच्या एकूण मेलेल्या झाडांचा आकडा सुमारे 40,000 सांगितला जातो.

वाऱ्यानं पडलेली त्यात थोडी. बाकीची उभ्याउभ्या मेली. मुळांभोवतीच्या पाण्यात मीठ जास्त झालं की झाडाला ते पाणी ओढून घेता येत नाही. पायाशी ओल असून झाड तहानेनं मरतं. शिवाय सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन माती दगडासारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. कोकणात खारबंदिस्ती फुटून भरतीचं पाणी भातखाचरात शिरलं की काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको. पण कोकणात पुढच्या पावसाळ्यांवर भरवसा ठेवता येतो. गॅल्व्हेस्टनला वादळानंतरचे आठवडे कोरडेच गेले आणि मीठ मुळाशीच राहिलं. लोकांनी गोडं पाणी सोडून बघितलं, जिप्सम टाकून बघितलं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं आणि मोकळं झालेलं सोडियम पाण्याबरोबर खाली जातं. मात्र त्यासाठी मुबलक गोडं पाणी लागतं आणि ते पुढे निचरूनही जावं लागतं. सपाट बेटावर हा निचराच अवघड. पानं तपकिरी झाली होती तरी वाऱ्यानं करपली असतील, फुटतील, म्हणून लोक 2009 चा वसंत येईपर्यंत थांबले. बरीच झाडं फुटली नाहीत.

तोडायची वेळ आली तेव्हा काही घरमालकांनी बुंधे ठेवून घेतले आणि स्वतःच्या पैशानं शिल्पकारांकडून कोरून घेतले. यांतली बहुतेक शिल्पं सरकारी स्मारकं नाहीत. ती लोकांच्या अंगणात, व्हरांड्यासमोर, पदपथाला लागून उभी आहेत. दार उघडल्यावर रोज समोर दिसावं असं काहीतरी त्यांनी निवडलं, आणि म्हणूनच मला ती मोठ्या स्मारकांपेक्षा जवळची वाटतात.

ईस्ट एंड ऐतिहासिक वस्तीत पत्ता शोधणं सोपं आहे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना नावं आहेत. खाडीकडून ब्रॉडवेकडे येताना ती चर्च, विनी, बॉल, सीली अशा क्रमानं लागतात. आडव्या रस्त्यांना आकडे. घर नंबर 1702 म्हणजे 17 व्या आणि 18 व्या रस्त्याच्या मधलं घर. साधारण 11 ते 19 या आकड्यांमध्ये विनी, बॉल आणि सीली हे तीन रस्ते नागमोडी चाललात की दोनेक तासांत बरीच शिल्पं होतात. पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर नकाशा आहे. निघायच्या दिवशी तो ताजा उतरवून घ्या, कारण जुन्या नकाशातली काही शिल्पं आता नाहीत. सकाळी आठला सुरुवात करा. दहानंतर दमट उकाडा चालू देत नाही. मुळांनी पदपथाच्या विटा उचलल्यात, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. डासांचं मलम हवंच. फोटो पदपथावरूनच काढा. फाटक उघडं दिसलं तरी आत जायचं नाही.

पेलिकन, बगळे, घुबडं, डॉल्फिन, जलपऱ्या, देवदूत, घरातले लाडके कुत्रे असे विषय. विनी रस्त्यावर 1702 नंबरला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातला टिनचा माणूस आणि टोटो कुत्रा आहे. हे घर दिग्दर्शक किंग विडोर यांच्या बालपणाशी जोडलेलं आहे. ते 1894 साली गॅल्व्हेस्टनला जन्मले, 1900 चं वादळ त्यांनी लहानपणी पाहिलं आणि 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधले कॅन्ससचे प्रसंग त्यांनीच चित्रित केले. नगरपालिकेच्या इमारतीजवळ, 25 व्या रस्त्यावर, अग्निशमन दलाचा ठिपक्यांचा डाल्मेशियन कुत्रा कोरलेला आहे. मुलं सोबत असतील तर सुरुवात तिथूनच करावी.

आता लाकडाबद्दल, कारण माझ्या मते खरं बघायचं ते इथे आहे. लाइव्ह ओक हे अमेरिकेतलं सर्वांत जड आणि चिवट लाकडांपैकी एक. रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे ते सरळ फाटत नाही. याच गुणासाठी पूर्वी लढाऊ जहाजांच्या फासळ्या त्याच्या करायचे. आइकनं मेलेल्या इथल्या ओकचं लाकूड कनेक्टिकटमधल्या मिस्टिकला गेलं आणि 1841 च्या ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ या व्हेलशिकारी जहाजाच्या दुरुस्तीत वापरलं गेलं.

उभा बुंधा कोरताना आधी साल सोलतात, कारण सालीखाली ओल धरते आणि किडे तिथेच घर करतात. मग चेनसॉनं ढोबळ आकार, त्यानंतर ग्राइंडर, शेवटी पटाशीनं पिसं, खवले, डोळे. आकार झाला की तेल किंवा संरक्षक लेप. खरी मेहनत इथून पुढची. उन्हानं लेप उडतो, म्हणून तो दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जास्त आकसतं, गाभ्यापासून बाहेरच्या दिशेनं कमी; म्हणून चाकाच्या आऱ्यांसारखे उभे तडे पडतातच. ते कोरणाऱ्याची चूक नव्हे. तडा पक्क्या पुट्टीनं गच्च भरला तर लाकूड हलायला जागा राहत नाही आणि शेजारी नवा तडा जातो. शिवाय आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट हवी.

सगळ्यांत दुबळी जागा बुंध्याचा तळ. मेलेली मुळं जमिनीत कुजतात, माती ओल वर चढवते, मागोमाग बुरशी आणि वाळवी. शिल्पासमोर उभं राहिलात की आधी चेहरा बघा आणि मग जमिनीलगतचं वीतभर लाकूड. मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. पंख्यासारखी बुरशी बाहेर आली असेल तर आतलं लाकूड आधीच मऊ झालेलं असतं. पायाशी फुलझाडं लावून रोज पाणी घालणं दिसायला सुंदर, पण शिल्पाचं आयुष्य त्यानं घटतं. बुंधा कापून काँक्रीटच्या चौथऱ्यावर, मधे हवा खेळेल असा बसवला तर तो जास्त टिकतो. तरीही ही शिल्पं लाकडाच्याच वयाची. त्यामुळे टेक्ससमध्ये राहणाऱ्यांनी ‘नंतर कधीतरी’ म्हणू नये.

दुपारी उन्हातून सुटायचं तर पलीकडच्या बोलिव्हर द्वीपकल्पाला जाणारी फेरीबोट घ्या. राज्याच्या वाहतूक खात्याची ही बोट फुकट आहे आणि एका बाजूला साधारण 18 मिनिटं घेते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लांबते, म्हणून गाडी धक्क्याजवळ ठेवून पायी चढा आणि वरच्या डेकवर जा. सकाळी लाकडात पाहिलेले पेलिकन इथे पाण्यावर झेपावताना दिसतात, बोटीच्या पुढे डॉल्फिन उसळतात. डॉल्फिनना खायला घालणं कायद्यानं गुन्हा आहे. आइकमध्ये पलीकडच्या बोलिव्हरवर घरांच्या रांगाच्या रांगा वाहून गेल्या. आज तिथे उंच खांबांवरची घरं आहेत.

बेटावरचे नेहमीचे आनंद किती लवकर परत आले, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. वादळाला तीन महिने होत नाहीत तोच डिसेंबर 2008 मध्ये स्ट्रँडवर डिकन्सच्या काळातल्या पोशाखांचा उत्सव भरला, जानेवारीत 1894 चं ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं, फेब्रुवारीत मार्डी ग्रास या कार्निव्हलच्या मिरवणुका निघाल्या. त्या वेळी रस्त्याकडेचे ओक अजून तोडलेले नव्हते, फुटतील म्हणून ठेवलेले होते.

परतताना ब्रॉडवेच्या दुभाजकाकडे लक्ष द्या. तिथे वादळानंतर लावलेले नवे ओक आहेत. त्यांची सावली अजून रस्ताभर पोचत नाही.