तारीख तरी सांगा

मिरजेला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "तिकडे दवाखाना फुकट असतो ना गं?" फुकट नसतो. ब्रिटनमध्ये मी आणि नवरा, आम्ही दोघंही पगारातून कर भरतो, वर नॅशनल इन्शुरन्स म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता भरतो, आणि व्हिसा काढताना आरोग्य अधिभार वेगळा. 2024 च्या फेब्रुवारीपासून तो मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आहे आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा आधीच, एकरकमी भरावा लागतो. तीन वर्षांच्या व्हिसावर नवरा-बायकोचे 6,210 पौंड होतात, म्हणजे सात लाख रुपयांच्या आसपास, तेही विमानात बसायच्या आधी. त्यानंतर मात्र डॉक्टर कधी बिल हातात देत नाहीत, हे खरं. इंग्लंडमध्ये चिठ्ठीतल्या दर औषधामागे 9.90 पौंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. स्कॅन, ऑपरेशन, बाळंतपण, कशालाच पैसे मागत नाहीत. ते सगळं कधी होईल, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आधी इथली पद्धत सांगते. घराजवळच्या एका दवाखान्यात नाव नोंदवायचं. तिथले जीपी म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर. एनएचएसमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, कुठल्याही स्पेशालिस्टकडे जायचं तर बहुतेक वेळा त्यांच्याच चिठ्ठीवर. आपल्याकडे कान दुखला की आपण थेट ईएनटीकडे जाऊन बसतो, तसं इथे चालत नाही. आणि जीपी भेटायचे तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा. आठला लाइन उघडते, त्याच क्षणी सगळं गाव फोन लावत असतं. आपला नंबर येईपर्यंत आजच्या वेळा संपलेल्या असतात आणि पलीकडची बाई शांतपणे सांगते, उद्या आठला पुन्हा फोन करा. तापाने फणफणलेल्या माणसाला, किंवा कडेवर रडणारं मूल असलेल्या बाईला हे रोज ऐकावं लागतं. 2025 च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमधल्या दवाखान्यांना ऑनलाइन फॉर्म कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा खुला ठेवणं बंधनकारक झालं आहे. आमच्याकडे त्याने थोडा फरक पडला. पण फॉर्म भरता न येणाऱ्या वयस्कर शेजाऱ्यांचे फोन अजून आठलाच चालू असतात.

आमच्या घरात गेल्या काही काळात दोन दुखणी एकदम आली. नवऱ्याचा गुडघा बॅडमिंटन खेळताना पिरगळला, आणि मला गळ्यावर, थायरॉइडच्या जागी, एक गाठ हाताला लागली. एकाच घरातल्या या दोन दुखण्यांना ही व्यवस्था किती वेगळी वागवते ते आम्ही जवळून पाहिलं.

त्याचं प्रकरण 'रुटीन' ठरलं. हा शिक्का बसला की माणूस मागे पडतो. जीपीने आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथे नंबर लागेपर्यंत सूज उतरून गेली होती, पण जिना उतरताना गुडघा अडकायचा तो अडकायचाच. मग व्यायाम, मग पुन्हा तपासणी, मग एमआरआयची रांग, मग तो एमआरआय कोणीतरी वाचायची रांग, मग हाडांच्या डॉक्टरांची रांग. एकेका रांगेचा शेवट झाला की पुढची सुरू. कागदावर नियम असा आहे की जीपीने पाठवल्यापासून 18 आठवड्यांच्या आत 92 टक्के रुग्णांचे उपचार सुरू झाले पाहिजेत. हा नियम 2016 पासून एकदाही पूर्णपणे पाळला गेलेला नाही. करोनाच्या आधीच इंग्लंडच्या यादीत 45 लाखांवर नोंदी होत्या, आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये तो आकडा सुमारे 77 लाखांवर गेला. माणसं त्याहून थोडी कमी, कारण काही जण दोन-दोन याद्यांत आहेत. पावणेसहा कोटी लोकसंख्येचा हा प्रदेश. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की पुढे-मागे कोणी ना कोणी अशा यादीतलं भेटतंच.

माझ्या गाठीचं नेमकं उलट झालं. जीपीने गळा दाबून पाहिला, गिळायला सांगितलं, आणि तिथेच बसून कॅन्सरच्या संशयाची तातडीची चिठ्ठी पाठवली. अशा चिठ्ठीवर 28 दिवसांच्या आत कॅन्सर आहे की नाही हे रुग्णाला सांगायचं, असं इथलं उद्दिष्ट आहे. हॉस्पिटलचा फोन खरंच लवकर आला. सोनोग्राफी झाली. इथे थायरॉइडच्या गाठीला सोनोग्राफीवर यू-1 ते यू-5 असा दर्जा देतात. यू-2 म्हणजे साधी, यू-5 म्हणजे जवळजवळ नक्की वाईट. माझी यू-3 निघाली, म्हणजे मधलीच. त्याच भेटीत सुई घालून नमुना घेतला. नर्सने हात धरला होता, डॉक्टर प्रत्येक गोष्ट आधी सांगून करत होते. तोपर्यंत माझी काहीही तक्रार नव्हती, उलट मन भरून आलं होतं.

त्यानंतर सगळीकडे शांतता पसरली. नमुना पुरेसा नव्हता, असं पत्र आलं. थायरॉइडच्या नमुन्यात हे बऱ्याचदा होतं, पुरेशा पेशीच मिळत नाहीत. पुन्हा बोलावलं, पुन्हा सुई. त्यानंतर काहीच नाही. 28 दिवस कधीच उलटून गेले होते. जीपीकडे फोन केला तर उत्तर आलं, तपासणी हॉस्पिटलने केली आहे, रिपोर्ट तेच सांगतील. हॉस्पिटलला विचारलं तर म्हणाले, पत्र तुमच्या जीपीला जाईल, तिथे विचारा. एनएचएसचं अ‍ॅप फोनवर आहे, पण त्यात मला जीपीने केलेल्या रक्ततपासण्या तेवढ्या दिसत होत्या, हॉस्पिटलचा कागद नाही. त्या रक्ततपासण्यांतही एका आकड्यापुढे लाल खूण होती आणि ती कशाबद्दल आहे ते सांगायला कोणी नव्हतं. मध्यरात्री त्या लाल खुणेकडे बघत बसणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

एका फोनवर मला सांगण्यात आलं, "काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजा." सांगणारीचा हेतू धीर देण्याचाच होता. पण या वाक्याचा मला मनापासून राग आहे. रिपोर्ट वाईट असला तर आधी कळवतील, हे गृहीत धरायला सगळी साखळी धड चालावी लागते: नमुना पोहोचला पाहिजे, कोणीतरी तो पाहिला पाहिजे, लिहिला पाहिजे, योग्य माणसाला पाठवला पाहिजे, आणि त्या माणसाने उघडला पाहिजे. यातली एक कडी निसटली तरी रुग्णाच्या वाट्याला तीच शांतता येते जी सगळं ठीक असताना येते. दोन्ही शांतता बाहेरून सारख्याच दिसतात. मग माणसाने समजायचं काय?

आई रोज फोनवर एकच म्हणायची. "तिकीट काढ आणि इकडे ये. दोन दिवसांत सगळं होईल तुझं." ती चुकीचं बोलत नव्हती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं तिथे उपचाराला येतात. स्टेशनवरून निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लॅब, सोनोग्राफी सेंटर, औषधांची दुकानं. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. इथली कितीतरी मराठी कुटुंबं सुट्टीला घरी गेली की पहिले दोन दिवस तपासण्यांसाठीच राखून ठेवतात, हे उगाच नाही.

पण मला मिरजेची सगळ्यात जास्त आठवण आली ती वेगासाठी नाही, पिशवीसाठी. आपल्याकडे प्रत्येक घरात कपाटावर एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात बाबांचे ईसीजी, आजीच्या मोतीबिंदूचे कागद, जुने एक्स-रे, सगळं तारखेवार. डॉक्टर बदलला तर पिशवी घेऊन जायचं. त्या पिशवीमुळे आपल्या शरीराबद्दल जे काही माहीत झालंय ते आपल्या हातात असतं. इथे माझ्या गळ्यातून काढलेल्या पेशींबद्दल कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते कुठल्यातरी संगणकात पडून होतं, आणि ज्या एका व्यक्तीला ते वाचायची सर्वात जास्त गरज होती तिलाच ते दिसत नव्हतं.

तरीही आईच्या म्हणण्याला मी लगेच हो म्हटलं नाही. आमच्या मिरजेच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना कित्येक वर्षं पाळीत अतोनात रक्तस्राव व्हायचा. रस्त्यावर दहा सोनोग्राफी सेंटरं होती, पण त्यांच्यासाठी एकही नव्हतं. सिव्हिलला जायचं तर दिवसभराचा रोज बुडायचा. तिथला वेग पैसे मोजणाऱ्याचा वेग आहे. इथे आमच्या ऑफिसात सफाईला येणारी बाई आणि आमचा डायरेक्टर, दोघांनाही एनएचएसची तीच यादी. 5 जुलै 1948 रोजी अन्यूरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्यांनी ही सेवा सुरू केली ती याच एका आग्रहाने, की उपचार गरजेप्रमाणे मिळावेत, ऐपतीप्रमाणे नाही. माझी गाठ आधी आणि नवऱ्याचा गुडघा नंतर, हा क्रम मला पूर्ण मान्य आहे. त्यालाही आहे. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते इथेही खासगीत जातात, आणि तसे जाणारे वाढत चालले आहेत, याचं मात्र वाईट वाटतं.

रांगा का लागल्या हेही इथे राहिल्यावर कळत जातं. जर्मनीच्या तुलनेत ब्रिटनमध्ये हजार माणसांमागे हॉस्पिटलच्या खाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहेत. स्कॅनची यंत्रं कमी, आणि ते स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट त्याहून कमी. त्यामुळे एमआरआय होऊनही रिपोर्ट अडकतो. बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळायची सोय नसते म्हणून ती हॉस्पिटलातच अडकून पडतात, त्यांच्या खाटा मोकळ्या होत नाहीत, आणि मागे ऑपरेशनं पुढे ढकलली जातात. 2024 मध्ये सरकारने लॉर्ड दार्झी या सर्जनकडून एनएचएसची तपासणी करून घेतली. त्यांनी सेवेची प्रकृती गंभीर असल्याचं लिहिलं, आणि इमारती-यंत्रांवर वर्षानुवर्षं पुरेसा पैसा घातला गेला नाही हेही. वॉर्डात राबणाऱ्या नर्सवर, ज्यांत केरळपासून महाराष्ट्रापर्यंतच्या कितीतरी आपल्या मुली आहेत, यासाठी चिडण्यात अर्थ नाही.

खाटा आणि रेडिओलॉजिस्ट एका रात्रीत येत नाहीत, हे मी समजू शकते. पण रुग्णाला चार ओळींचा निरोप पाठवायला नवीन हॉस्पिटल बांधावं लागत नाही. तुमचा नमुना लॅबमध्ये पोहोचला. तपासणीला साधारण इतके दिवस लागत आहेत. अमुक तारखेपर्यंत काही कळलं नाही तर या नंबरवर फोन करा. एवढंच. 'माय प्लॅन्ड केअर' नावाच्या वेबसाइटवर हॉस्पिटलवार सरासरी प्रतीक्षा दिसते, पण सरासरी म्हणजे माझी तारीख नव्हे. घरी पार्सल यायचं असेल तर ते आत्ता कुठल्या गल्लीत आहे ते फोनवर दिसतं. या देशात ती सोय आहे. बायोप्सीसाठी नाही.

माझा रिपोर्ट शेवटी मिळाला तो डॉक्टरांच्या सेक्रेटरीमुळे, आणि इकडे नव्याने येणाऱ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगते. हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करून 'अमुक कन्सल्टंटच्या सेक्रेटरी' असं मागायचं. त्या खऱ्या माहीतगार असतात. माझ्या फोननंतर त्यांनी कागद शोधला, डॉक्टरांसमोर ठेवला, आणि दुपारी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. गाठ साधी होती. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच खाली बसून रडले.

जीपीच्या खोलीतून उठायच्या आधी विचारा: चिठ्ठी तातडीची की रुटीन, कुठल्या हॉस्पिटलला, आणि किती आठवड्यांत काही आलं नाही तर कोणाला गाठायचं. इंग्लंडमध्ये पहिल्या भेटीसाठी हॉस्पिटल निवडायचा हक्क आहे, आणि शेजारच्या शहरातली रांग कधीकधी निम्मी असते. कोणाची रद्द झालेली वेळ मिळाली तर लगेच येऊ शकतो, हे आपणहून सांगून ठेवा. घसा, लहान मुलांचा कान, सायनस, बायकांमधला लघवीचा साधा संसर्ग अशा सात तक्रारींसाठी 2024 पासून फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतात, तिथे आठच्या फोनची गरज नाही. आणि आपले रिपोर्ट लेखी मागितले तर साधारण महिनाभरात, विनामूल्य देणं कायद्याने बंधनकारक आहे. मी सगळे मागवले. घरी पिशवी सुरू केली आहे.

हॉस्पिटलच्या पेशंट-मदत विभागाला, ज्याला इथे पॅल्स म्हणतात, मी झालेला प्रकार कळवला. आमच्या खासदारांनाही पत्र लिहिलं आहे. त्यात रांग कमी करा असं नाही लिहिलं. अ‍ॅपमध्ये हॉस्पिटलच्या प्रत्येक तपासणीपुढे नमुना कुठवर पोहोचला आणि उत्तर कधीपर्यंत येईल हे दाखवा, आणि ती तारीख उलटली तर रुग्णाने नाही, हॉस्पिटलने फोन करावा, एवढ्या दोनच मागण्या आहेत. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्याची तारीखही त्यात विचारली आहे. उत्तर आलं की इथे लिहीन.