आमची वाटचाल : जुने लष्करी ट्रक ओळखताना आणि घेताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे वर्कशॉप सुरू झाले ते शेतीच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीसाठी. विजेचे पंप आले, तसे ते काम कमी होत गेले आणि आम्ही जुन्या जीप व ट्रक पूर्ववत करून देण्याकडे वळलो. आज आमचे बहुतेक काम लष्करी मालवाहू ट्रकांचे आहे. त्यात दुरुस्तीइतकेच महत्त्व गाडी अचूक ओळखण्याला आहे, कारण आपल्याकडे हिरव्या रंगाचा कोणताही जुना ट्रक ‘शक्तिमान’ किंवा ‘डिस्पोजलचा’ (लष्कराने विक्रीला काढलेला) म्हणून दाखवला जातो.

खरा शक्तिमान जबलपूरचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून तो तेथील लष्करी कारखान्यात तयार होऊ लागला आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिल्यावर तिथे बनत राहिला. त्याच काळातल्या टाटा-मर्सिडीजच्या साध्या ट्रकांना हिरवा रंग देऊन ते लष्करी म्हणून विकण्याचा प्रकार अजूनही चालतो. अशा वेळी आम्ही प्रथम गाडीखाली झोपून पुढचा ॲक्सल पाहतो. पुढे डिफरन्शियल (ॲक्सलवरची, चाकांना ताकद वाटणारी गोल पेटी) नसेल आणि गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) नसेल, तर तो शक्तिमान नव्हे, मग रंग कोणताही असो.

आमच्या कामाला खरे वळण मिळाले ते शिरोळ तालुक्यातील एका बंद गुऱ्हाळामागे उभ्या असलेल्या ट्रकमुळे. मालक आजोबा त्याला ‘फोर्ड’ म्हणत, कारण त्यांच्या वडिलांनी तो फोर्ड म्हणूनच घेतला होता. बॉनेटखाली पर्किन्सचे पी-६ डिझेल इंजिन होते. पेट्रोल परवडेना म्हणून त्या पिढीने असंख्य ट्रकांत डिझेल इंजिने बसवली आणि हे पी-६ मद्रासला सिम्प्सन कंपनीत तयार होत असे. त्यामुळे इंजिनावरून निर्णय करणे शक्यच नव्हते. मात्र आखूड, चपटे नाक, उजवीकडचे स्टिअरिंग आणि वरून पुढे झुकलेली समोरची काच पाहताच हा दुसऱ्या महायुद्धातील कॅनेडियन ट्रक असल्याची आमची खात्री पटली. काच अशी तिरकी ठेवण्यामागे उन्हाची तिरीप टाळणे आणि काचेची चमक विमानातून दिसू न देणे हा हेतू होता. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत बनलेली ही १३ क्रमांकाची केबिन फोर्ड आणि शेव्हरलेट अशा दोन्ही कंपन्यांनी वापरली आणि घोटाळा होतो तो इथेच.

रेडिएटरपुढच्या जाळीवरचा रंगाचा जाड थर आम्ही खरवडला. फोर्डची जाळी सहसा चौकोनी घरांची असते, शेव्हरलेटची शंकरपाळ्यासारखी तिरकी. इथे तिरकी निघाली. जाळी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप धरला. अंतर १३४ इंच भरले, म्हणजे ११ फूट २ इंच. लांब चासीच्या ट्रकात ते १५८ इंच असते. या मापावरून आणि डॅशवरच्या पाटीवरून तो सी-६० एस ठरला : ‘सी’ म्हणजे शेव्हरलेट, ‘६०’ म्हणजे ६० हंड्रेडवेट (वजनाचे जुने ब्रिटिश माप), अर्थात तीन टन, आणि ‘एस’ म्हणजे आखूड चासी. दोन्ही बाजूंच्या मापांत फरक पडला, तर चासी वाकलेली किंवा ॲक्सल सरकलेला असतो. रिबिटांच्या ओळीत वेल्डिंग दिसले, तर चासी कापून जोडल्याचा संशय घ्यावा.

या ट्रकांच्या चाकांबद्दल प्रत्येक ग्राहकाला आम्ही कळकळीने सांगतो. काही चाके दोन भाग नटबोल्टांनी जोडून केलेली असतात. हबवरचे, म्हणजे चाक गाडीला धरणारे, नट वेगळे आणि हे दोन भाग धरून ठेवणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या नटांना पाना लावला, तर चाकाचा अर्धा भाग उडून माणूस दगावू शकतो. गाडी विकत घेण्यापूर्वीच आमचा मिस्त्री व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडतो आणि मगच चाक तपासतो.

किमतीचा आमचा हिशेब बाजारापेक्षा वेगळा आहे. मूळ इंजिन नसल्याने आम्ही फार भाव पाडत नाही. हौदा आणि केबिनचे पत्राकामही इथे उत्तम करून मिळते. पुढचा ॲक्सल किंवा ट्रान्सफर केस गायब असेल, तर मात्र सौदा करत नाही. कागदपत्रांत चासीवर खोदलेला नंबर आरसी बुकाशी जुळला पाहिजे आणि इंजिन बदलल्याची नोंद असली पाहिजे. ५० वर्षांवरील वैयक्तिक वापराच्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी २०२१ पासून स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी मिळते, पण त्या नोंदणीवर व्यावसायिक वापर चालत नाही. म्हणून भाड्याने द्यायच्या विचाराने ट्रक शोधणाऱ्यांना हे आम्ही सौद्याआधीच सांगतो.

तुटलेले ब्रॅकेट आणि पंपांचे भाग आम्ही पॅटर्न करून जवळच्या फाउंड्रीत ओतून घेतो. अशा प्रत्येक नव्या भागावर आमची खूण असते, जेणेकरून पुढच्या खरेदीदाराला मूळ आणि नवे वेगळे ओळखता यावे. जुन्या कंपनीच्या नावाची पाटी बनवून देण्याचे किंवा चासीवर नंबर खोदून देण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.