तुम्ही विचारलंत म्हणून: बदललेल्या गुरुत्वातला तारा टिकतो का?

सामान्य सापेक्षता सिद्धांत आजवरच्या कसोट्यांना उतरला असताना गुरुत्वाचे नियम बदलून कागदावर तारे का रचायचे, आणि ते टिकतील हे कशावरून ठरवायचे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. सूर्यमालेतले गुरुत्व क्षीण आहे. याउलट जे०७४०+६६२० या पल्सारमध्ये, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यामध्ये, सूर्याच्या सुमारे २.०८ पट वस्तुमान साधारण १२ किलोमीटर त्रिज्येत सामावलेले आहे. सामान्य सापेक्षतेच्या मूळ सूत्रात वक्रतेच्या (अवकाश-काळ किती वाकला आहे हे सांगणाऱ्या राशीच्या) वर्गाचे पद मिळवले, तर त्याचा ठसा अशाच ठिकाणी उमटण्याची शक्यता आहे. ताऱ्याच्या संहततेची (त्रिज्येच्या मानाने वस्तुमान किती दाटले आहे याची) कमाल मर्यादा १९५९ मध्ये सिद्ध करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ बुखडाल यांनीच १९७० मध्ये वक्रतेच्या अशा सर्वसाधारण फलनांचा विचार मांडला, याचे मला फार अप्रूप वाटते.

दुसरा भाग खरा कठीण आहे. सापेक्षतेचे अभ्यासक वैद्य आणि टिकेकर यांनी १९८२ मध्ये केले तशी ताऱ्याच्या आतली भूमिती आधी गृहीत धरून घनता व दाब काढणे ही सुंदर आणि उपयुक्त पद्धत आहे. मात्र त्यानंतर दाब धन आहे, ध्वनीचा वेग प्रकाशापेक्षा कमी आहे आणि रुद्धोष्म निर्देशांक (द्रव्य दाबल्यावर त्याचा दाब किती झपाट्याने वाढतो याचे माप) ४/३ च्या वर आहे, एवढे आलेखांनी दाखवून तारा स्थिर असल्याचे जाहीर करणे मला मान्य नाही. ४/३ ही मर्यादा न्यूटनच्या गुरुत्वातली आहे. तारा जितका संहत तितकी ती वर सरकते, हे चंद्रशेखर यांनी १९६४ मध्येच दाखवले. बदललेल्या सिद्धांतात तर वक्रतेलाही स्वतःची स्वतंत्र हालचाल मिळते, त्यामुळे ताऱ्याला किंचित धक्का दिल्यावर काय होईल याचे समीकरण त्याच सिद्धांतातून नव्याने काढून सर्वात खालच्या कंपनाच्या वारंवारतेचा वर्ग धन येतो का, हे तपासावेच लागते. तो ऋण आला, तर धक्का वाढतच जातो आणि तारा सेकंदाच्या अल्पांशात कोसळू शकतो. शिवाय अशा सिद्धांतांत पृष्ठभागावर वक्रता आणि तिचा उतार दोन्ही जुळावे लागतात. बाहेर वक्रता एकदम शून्य न होता हळूहळू विरते, आणि दुरून मोजलेल्या वस्तुमानात तिचाही वाटा असतो.

एवढे करूनही एक पेच उरतो. १४ ऑगस्ट २०१९ रोजी टिपलेल्या गुरुत्वलहरी ज्या जोडीच्या विलीनीकरणातून आल्या, तिच्यातला सुमारे २.६ सौर वस्तुमानाचा घटक बदललेल्या गुरुत्वाने समजावता येतो, तसाच अधिक ताठर (दाबले जाण्याला जास्त विरोध करणाऱ्या) न्यूट्रॉन-द्रव्यानेही. किंवा ते हलके कृष्णविवरही असू शकते. केवळ वस्तुमानावरून निवाडा होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ताऱ्याचे जडत्व आघूर्ण (त्याचे फिरणे बदलायला होणारा विरोध) आणि जोडीदाराच्या ओढीने त्याच्या आकारात होणारा बदल यांचे परस्परनाते द्रव्याच्या तपशिलावर फारसे अवलंबून नसते, म्हणून या दोन राशी पुरेशा अचूकपणे मोजल्या गेल्या, तर गुरुत्वाचा प्रश्न द्रव्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येईल.