ॲक्वेरियम कंट्रोलरच्या केबली आणि कनेक्टरचं त्रांगडं

घरी ॲक्वेरियम कंट्रोलर, म्हणजे टाकीचा हीटर, पंप, लाइट आपोआप चालवणारा डबा, बनवायचा म्हटलं की सगळा काथ्याकूट बोर्ड ईएसपी३२ घ्यायचा का रास्पबेरी पाय, रिले (बोर्डानं चालू-बंद होणारा स्विच) किती चॅनलचा, मोबाइलवर ग्राफ कसा दिसेल यावरच, आणि कनेक्टरचं काय तर ड्रॉवरमध्ये जे पडलंय ते लावून मोकळे! माझ्या बघण्यात तर कंट्रोलर कोडपेक्षा कनेक्टरपायीच जास्त रुसतात. त्यात टाकी मरीन (खाऱ्या पाण्याची) असली तर बघायलाच नको, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, बुडबुडे फुटून बारीक शिंतोडे उडत राहतात आणि कॅबिनेटमध्ये सगळ्यावर पांढरा थर बसतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणजे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तो वाळतच नाही.

सगळे पहिलं विचारतात वॉटरप्रूफ कुठला. मी आधी दोन गोष्टी बघतो, प्लग चुकून शेजारच्या सॉकेटात गेला तर काय जळेल, आणि निसटला तर टाकीत काय होईल.

आता ३.५ एमएमचा ऑडिओ जॅक घ्या. टेंपरेचरच्या डीएस१८बी२० सेन्सरला तीन वायरी, जॅकलाही तीन कॉन्टॅक्ट, स्वस्त, कुठेही मिळतो, त्यामुळे मोह होतोच. पण हा जॅक आत सरकताना टोक बाकीच्या कॉन्टॅक्टना घासत जातं, म्हणजे सप्लाय आणि ग्राउंड क्षणभर एकत्र, आणि बोर्ड रीसेट. शिवाय केसिल कंपनीच्या काही ॲक्वेरियम लाइटना डिमिंगसाठी हाच जॅक असतो, ० ते १० व्होल्टचा. सेन्सरची मर्यादा साडेपाच व्होल्ट. दोन्ही सॉकेट शेजारी-शेजारी असले की पुढचं सांगायला नको.

आरजे४५ चंही, म्हणजे इंटरनेट केबलीच्या प्लगचंही, तेच. उरलेली कॅट६ वायर, घरात क्रिंपर (प्लग दाबून बसवायची पक्कड), आठ वायरी एका केबलीत. कोरड्या जागी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायला मस्त आहे, मी वापरतो. पण टाकीजवळ नको, कारण तोंड उघडं, आत पातळ स्प्रिंगच्या तारा, मीठ थेट त्यांच्यावर. आणि कोणी राउटरचा पॅसिव्ह पीओई इंजेक्टर (नेटवर्क केबलीतूनच वीज देणारा) त्यात खुपसला तर ४-५ आणि ७-८ नंबरच्या पिनांवर बहुतेक वेळा २४ व्होल्ट येतात. नेपच्यून कंपनीच्या तयार एपेक्स कंट्रोलरचा ॲक्वाबस पोर्ट तर हुबेहूब यूएसबीसारखा दिसतो पण यूएसबी नाही. त्यांचं मॅन्युअल तरी असतं हो, आपल्या घरी पाहुणा आला की आधी चार्जिंगलाच जागा शोधतो.

माझी पसंती जीएक्स सिरीजला. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला 'एव्हिएशन प्लग' म्हणून मागा. जीएक्स१२ म्हणजे पॅनलला १२ एमएमचं भोक, जीएक्स१६ म्हणजे १६ चं. रिंग फिरवून घट्ट बसतो, कोणाचा हात लागून निसटत नाही. खरी मजा पिनांची. सेन्सरला जीएक्स१२ तीन पिनी, पाण्याची पातळी बघणाऱ्या फ्लोट स्विचला चार पिनी (दोन रिकाम्या राहिल्या तर राहू देत), थोडं थोडं द्रावण सोडणाऱ्या १२ व्होल्टच्या डोसिंग पंपाला जीएक्स१६ दोन पिनी. मग अंधारात, ओल्या हातानं, घाईत लावलं तरी चुकीचा प्लग बसतच नाही. एक कटकट मात्र आहे, सर्रास मिळणाऱ्या सेटमध्ये पॅनलवरच्या तुकड्यालाच बाहेर आलेल्या पिना असतात, म्हणजे प्लग काढला की १२ व्होल्ट उघड्यावर. आउटपुटला पॅनलकडचा तुकडा फीमेल असलेलाच शोधा, थोडं फिरावं लागतं. आणि जीएक्स वॉटरप्रूफ नाही, दुकानदार काही म्हणो. खरंच ओलं होणार असेल तर एसपी१३ बघा, प्लास्टिक बॉडी, आयपी६८ (म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालतो), पण ते रेटिंग प्लग लावलेला असताना किंवा टोपण घट्ट असतानाच, उघड्या सॉकेटला त्याचा काही उपयोग नाही.

२३० व्होल्टला जीएक्स अजिबात नको. हीटर आणि रिटर्न पंपाला (पाणी टाकीत परत पाठवतो तो) कॉम्प्युटरच्या पॉवर केबलीवाले आयईसी सॉकेट लावा, अर्थिंगसकट, डब्याच्या बाजूला फीमेल. आणि मागे ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, यावर वाद नाही.

पीएच प्रोबला बीएनसी (फिरवून बसणारा गोल कनेक्टर) असतोच, तोच ठेवा, केबल कापून कनेक्टर पट्टीत जोडू नका. काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स शेकडो मेगाओहमपर्यंत जातो, त्यातून २५ अंशाला एका पीएचमागे जेमतेम ५९ मिलिव्होल्ट. मधल्या पिनेवर मिठाचा ओलसर थर आला की सिग्नल गळतो आणि रीडिंग ७ कडे सरकतं. टाकीत ८.२ असताना स्क्रीनवर ७.८ दिसतं आणि माणूस पीएच वाढवायचं बफर ओतत बसतो. प्रोब काढून बीएनसीची मधली पिन आणि बाहेरची रिंग वायरनं शॉर्ट करा, ७ च्या आसपास दाखवलं म्हणजे मीटर ठीक, मग बीएनसी पुसून कोरडा करा, तरी फरक नाही पडला तर प्रोब बघा.

आता निसटण्याचं. डीएस१८बी२० सुटला की आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी −१२७ देते, आणि सप्लाय जाऊन आला की कधी कधी ८५. कोडमध्ये नुसतं '२५ पेक्षा कमी तर हीटर चालू' असेल तर −१२७ ला हीटर चालूच राहणार, माशांचं कालवण. दोन्ही आकडे फॉल्ट धरा आणि हीटर बंद करा, वर हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट एक-दोन अंश वर लावून ठेवा. फ्लोट स्विचही असा जोडा की सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं राहील, वायर तुटली की पंप थांबेल.

पाण्याच्या बरोबर वर कुठलाही जोड नको. पितळेवर मीठ बसलं की हिरवं सुटतं, त्यातलं तांबं कोळंबी आणि कोरलना विषच. खरं तर प्रत्येक जोड म्हणजे एक जादा बिघाडाची जागा, त्यामुळे जो सेन्सर वर्षानुवर्षं काढायचाच नाही त्याची केबल पीजी७ ग्लँडमधून (केबलीभोवती आवळणारी बूच) सरळ डब्यात घ्या आणि आत जेएसटी (छोटा प्लास्टिक कनेक्टर) लावा. स्क्रू टर्मिनल असेल तर वायरीचं टोक सोल्डर करू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू सैल होतो, फेरूल (टोकाला घालायची धातूची नळी) दाबून बसवा.